एकेचाळीस टक्के

सकाळी नवाच्या सुमारास फोन वाजला तेव्हा हिरालालच्या हातात पोह्यांची बशी होती, आणि आज बुधवार आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं. भावना रविवारी फोन करायची. साडेअकराच्या पुढे, भाजी चिरता चिरता, फोन कुठंतरी टेकवून ठेवून. तिच्या बोलण्यापेक्षा विळीचा आवाजच त्याला जास्त ऐकू यायचा. बुधवारी सकाळी पुण्याहून फोन म्हणजे काहीतरी घडलं. त्यानं बशी ओट्यावर ठेवली आणि तेलकट बोटानंच फोन घेतला. "बाबा, काल गाडी चार्जिंगला लावली नाही का?" ती म्हणाली. "बासष्टवरच दिसते आहे." हिरालालनं खिडकीतून बाहेर बघितलं. पत्र्याच्या शेडखाली पांढरी गाडी उभी होती, वायर भिंतीवरच्या खुंटीला गुंडाळलेली. काल बाजारातून येताना ऊन लागल्यासारखं झालं, आल्या आल्या तो पडला आणि लावायचं राहून गेलं. ही गोष्ट त्यानं कुणालाही सांगितली नव्हती. सांगायला घरात कुणी नव्हतंच. "तुले कसं समजलं?" त्यानं विचारलं. "फोनमध्ये येतं ना, बाबा. गाडी घेतली तेव्हा ॲपला माझाच नंबर दिला होता, विसरलात? किती चार्ज आहे, कुठं उभी आहे, सगळं दिसतं. तब्येत बरी आहे ना?" "बरी आहे." "मग लावत जा आठवणीनं," असं म्हणून तिनं फोन ठेवला, तिला मीटिंग होती. हिरालाल फोन कानाशी धरून तसाच उभा राहिला. आधी त्याला लाज वाटली, न्हाणीघराचं दार उघडं राहिल्यासारखी. मग दुपारी बशी घासताना ध्यानात आलं की भंडाऱ्यातल्या या गल्लीत, या शेडखाली, काल संध्याकाळी काय झालं नाही ते कुणीतरी पाहिलं होतं. बायको, मंगला, गेल्यापासून पावणेदोन वर्षांत असं पहिल्यांदाच झालं होतं.

गाडी त्यानं हौसेनं घेतली नव्हती. बत्तीस वर्षं एसटी चालवली, त्यात डावा गुडघा क्लचवर गेला. डॉक्टर म्हणाले, आता क्लचची गाडी बंद. भावना आणि जावयानं पुण्यातूनच सगळं ठरवलं: बिनक्लचची, बिनगिअरची, विजेवरची, घरीच चार्ज होणारी. पहिल्या दिवशी त्यानं बटण दाबलं आणि वाट बघत बसला. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं तर पडद्यावरचा हिरवा दिवा गेला, कारण गाडी मघाशीच सुरू झाली होती. बत्तीस वर्षं तो कानानं गाडी चालवत आला होता. पायाखालची थरथर बदलली की गिअर बदलायचा, चढ डोळ्याआधी कानाला कळायचा, डिझेलमध्ये पाणी आलं की इंजिन खोकायचं. ही गाडी काही बोलतच नव्हती. पाय उचलला की आपणहून आवरती व्हायची, कुणी मागून सदरा धरल्यासारखी. गल्लीत लोकांना ती आल्याचं समजत नसे. एकदा भाजीची टोपली घेऊन चाललेली म्हातारी अगदी बंपरला लागली आणि ओरडली, "मुकी गाडी घेऊन कायले फिरतं रे बाबू? मारतं का मले?" त्यानं उतरून माफी मागितली. त्या दिवसापासून तो मोकळ्या रस्त्यावरही हॉर्न देऊ लागला, आणि आपल्याच हॉर्नला दचकू लागला.

घरी चार्जिंगची सोय करायला अनुप नावाचा वायरमन आला होता. त्यानं मीटरपासून जाड वायर ओढली, भिंतीवर मोठं सॉकेट बसवलं आणि म्हणाला, "काका, अर्थिंग बराबर नसंल तं हे मशीन चालतच नाही. लाल बत्ती दाखवते आन चूप बसते." पेरूच्या झाडाशेजारी त्यानं खड्डा केला, कोळसा आणि मीठ टाकून पाइप पुरला. "उन्हाळ्यात पानी टाकत जाजा," म्हणून सांगून गेला. शेड घातली ती मंगलाच्या धुण्याच्या दगडाच्या जागेवर. दगड उचलून बाजूला ठेवताना त्याच्याखाली साबणाचा एक झिजलेला तुकडा आणि तिच्या गाऊनचं एक बटण निघालं होतं. हिरालालनं बटण खिशात ठेवलं आणि नंतर ते कुठं गेलं ते त्याला समजलं नाही. दर संध्याकाळी तो वायर खुंटीवरून उतरवायचा, गाडीचं झाकण उघडून लावायचा. टक् असा आवाज व्हायचा आणि थोड्या वेळानं गाडीच्या पोटात कुठंतरी पंखा फिरू लागायचा. दिवसभर मुकी असलेली गाडी तेवढ्या वेळी आवाज करायची. खुर्ची टाकून तो तिच्याशेजारी चहा घेत बसायचा. शेजारच्या सुशीलाबाई कंपाउंडवरून विचारायच्या, "गाडीची राखन करता का भाऊजी?" तो हसायचा. मंगला असती तर ती म्हणाली असती, मी आजारी होती तवा एवढं बसले नाही माझ्याजवळ. असं ती खरंच म्हणाली असती का, याचा तो विचार करत राहायचा. बसला होता की तो. पण ड्यूटीवरून आल्यावर, बूट न काढता.

त्या बुधवारनंतरच्या आठवड्यात त्यानं मुद्दाम गाडी लावली नाही. आधी स्वतःशीच म्हणाला, आज गरज काय, चोपन्न आहे. दुसऱ्या दिवशी तुमसरच्या रस्त्यानं उगीच थोडं जाऊन आला, पंचेचाळीस. सकाळी नऊला फोन आला. "बाबा, पुन्हा?" या वेळी ती चार मिनिटं बोलली. जेवणाचं विचारलं, गुडघ्याचं विचारलं, तिच्या ऑफिसात कुणाचं तरी बाळंतपण झालं ते सांगितलं. त्यानं त्या संध्याकाळी गाडी लावली, सकाळी शंभर झालेले बघितले आणि दिवसभर फोन आला नाही. शंभर टक्के असले की सगळं ठीक असतं. ठीक असलेल्या माणसाला कोण फोन करतो? मग त्याला सवयच लागली. तीन दिवस लावायची नाही, चौथ्या दिवशी फोन. आपण पोरीशी लबाडी करतो आहोत हे त्याला समजत होतं. एसटीत असताना तिकीट न काढता मान वळवून झोपेचं सोंग घेणारे प्रवासी त्याला आरशात दिसायचे आणि त्यांचा राग यायचा; आता तोच तसा मान वळवून बसला होता. पण सकाळी नऊला बशी बाजूला ठेवून फोनकडे बघत बसण्यात जे काही होतं, ते त्याला सोडवेना. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आकडा एकेचाळीसवर आला. नऊ वाजले, साडेनऊ वाजले, फोन आला नाही. दिवस सरला. संध्याकाळी सातला खुर्चीवर बसल्या बसल्या खिशातला फोन एकदम बोलला. बाईचा आवाज होता, गोड, कुणाचाच नसलेला: "गाडी चार्जिंगला लावा." तो उडालाच. खाली भावनाचा मेसेज होता. बाबा, तुम्ही विसरता म्हणून माझ्याकडून रोज सातचं रिमाइंडर लावून दिलं आहे. आता काळजी नाही. शेवटी एक हसरा चेहरा.

काळजी नाही हे शब्द त्यानं पुन्हा पुन्हा वाचले. पोरीनं चांगलंच केलं होतं. तिच्या जागी तो असता तर त्यानंही तेच केलं असतं. त्यानं वायरीला हात लावला नाही, आत जाऊन सकाळचा भात खाल्ला. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास चार्जरची वायर गुंडाळून डिकीत टाकली, घराला कुलूप लावलं आणि निघाला. कुठं, ते ठरलं नव्हतं. पण हात पवनीच्या रस्त्याला वळले, कारण त्या रस्त्यावर त्यानं सलग अकरा वर्षं गाडी चालवली होती आणि हातांना तोच सगळ्यात जास्त पाठ होता. काचा खाली केल्या. अड्याळच्या पुढे झाडं दाट झाली तेव्हा त्याला पाखरं ऐकू आली. अकरा वर्षांत या रस्त्यावर त्यानं एकही पाखरू ऐकलं नव्हतं, सगळं इंजिनाखाली दबून गेलं होतं. वाळक्या पानांवरून चाकं गेली की ती वाजत. एका वळणावर दोन बाया मोळ्या घेऊन बोलत चालल्या होत्या, त्यांचं अर्धं वाक्य गाडीत आलं: "मंग मी म्हनली, येऊ दे त्याले," आणि गाडी पुढे गेली. कुणाला येऊ दे, ते राहिलंच. आकडा एकोणतीस झाला, तेवीस झाला. परत जायचं तर आता वळायला हवं, हे त्याला समजत होतं. पवनीच्या अलीकडच्या एका पंपावर चार्जिंगची मशीन आहे असं कुणीतरी सांगितलं होतं. ती होती, पण तिच्यावर ताडपत्री बांधलेली. पंपावरचा माणूस म्हणाला, "बसवून गेले, चालू करायले कोनी आलंच नाही." पडद्यावर सतरा होते. सतरामध्ये भंडारा गाठता येत नव्हता. सतरामध्ये या मुलखात ओळखीचं एकच घर गाठता येत होतं, आणि तिथं तो चौदा वर्षांत गेला नव्हता.

गोसीखुर्द धरणाचं पाणी चढलं तेव्हा त्यांचं गाव उठलं. बाकीचे लोक आधीच निघून गेले होते. शेवटच्या आठ-दहा घरांत मोठा भाऊ मधुकर होता, वहिनी होती आणि आई. घर मोडून लाकूड आणि छपराचे कवेलू नव्या गावठाणात न्यायचे होते. मधुकरनं निरोप पाठवला, शनिवारी ये, दोन हात कमी पडून राहिले. हिरालाल गेला नाही. सुट्टी नाही भेटली, असं त्यानं कळवलं. त्या शनिवारी त्यानं पवनीची फेरी मारली. पवनीच्या स्टँडवर चहा पिताना त्याच्या मनात आलं की इथून तिथवर सायकलनंही जाता येईल. आणि तो पुन्हा गाडीत जाऊन बसला. मधुकरनं एकट्यानं घर मोडलं. आईला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत छपराच्या फाट्यांवर बसवून नेलं. नव्या घरात तिला दिशा उमगेनात. सकाळी उठून नदीकडे म्हणून निघायची आणि डांबरी रस्त्यावर जाऊन उभी राहायची. दिवाळीच्या आत ती गेली. मातीला हिरालाल पोचला, पण मधुकर त्याच्याशी बोलला नाही. मंगलाच्या वेळी मधुकर आला, मागे उभा राहिला, त्रिशरण झालं आणि पाण्याचा घोटही न घेता शेवटच्या बसनं परत गेला.

नवं गावठाण चौकोनी होतं. सरळ रस्ते, सारखी घरं, मधे विहाराची निळी कमान. घर शोधायला दोनदा विचारावं लागलं. गाडी अंगणाशी थांबली तरी कुणाला कळलं नाही. वहिनी, बायजाबाई, दाराकडे पाठ करून सुपात तांदूळ निवडत बसली होती. हिरालाल उतरून उभा राहिला. हाक कशी मारावी ते त्याला सुचेना. शेवटी म्हणाला, "जयभीम, वहिनी." ती वळली. चष्म्यावरून नीट बघत राहिली. "हिरा व्हय का?" सूप बाजूला ठेवून ती उठली, गुडघ्यावर हात टेकून. "बापा! गाडीचा आवाज नाही, काही नाही. कसा आला तू? कोनाचं काही झालं का?" "नाही, काही नाही झालं. गाडीची चार्जिंग संपली." हे बोलल्यावर त्याला आपलीच कीव आली. चौदा वर्षांनी भावाच्या दारात येऊन हे सांगायचं. पण बायजाबाईला ते कारण अगदी पुरेसं वाटलं. "मंग लाव ना. मोबाइलसारखीच लावा लागते का? मोटारीचं सॉकेट आहे मांगच्या अंगाले, तिथं लाव."

त्यानं वायर काढली, पाण्याच्या मोटारीचा प्लग उपसून आपला लावला. चार्जरवर लाल दिवा लागला आणि तसाच राहिला. तो पुन्हा पुन्हा प्लग काढत होता, लावत होता, इतक्यात मागून आवाज आला. "अर्थिंग सुकली असंल." मधुकर सायकल धरून उभा होता. केस पूर्ण पांढरे, गळ्याभोवती दुपट्टा. हिरालाल एकदम ताठ उभा राहिला, डेपोत साहेब आल्यावर राहायचा तसा. मधुकरनं त्याच्याकडे बघितलं नाही. सायकल भिंतीला लावली, टाक्यातून बादली भरली आणि मोरीशेजारच्या लोखंडी पाइपाच्या बुडाशी सावकाश ओतली. मग दुसरी बादली. माती फसफसून पाणी पिऊ लागली. "आता बत्ती पाय." हिरवा दिवा लागला. गाडीच्या पोटात पंखा फिरू लागला. "किती टाइम लागते?" मधुकरनं विचारलं. "परत जाण्यापुरतं म्हटलं तं तीन तास लागतीन." "तीन तास," मधुकर म्हणाला आणि आत गेला.

बस असती तर पाच मिनिटं थांबून पुढे गेली असती. पेट्रोलची गाडी असती तर तो इथं आलाच नसता. आता मात्र तीन तास बसण्यावाचून इलाज नव्हता, दोघांनाही. बायजाबाईनं वरण-भात वाढला, वाटाण्याची उसळ वाढली. दोघे भाऊ एकाच भिंतीला टेकून जेवले. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, शेजारी आईचा. आईचा फोटो हिरालालच्या लग्नातला कापून मोठा केलेला. तिच्या खांद्यावर कुणाचा तरी हात अर्धा राहून गेला होता, आणि तो आपलाच हात आहे हे त्याला बऱ्याच वेळानं समजलं. तेवढ्यात फोन वाजला. भावना होती, आवाज घाबरलेला. "बाबा, कुठं आहात? गाडी पवनीच्याही पुढे दाखवते आहे!" "तुझ्या मोठेबाबाकडे आलो." "मोठेबाबा बोलले तुमच्याशी?" तिनं हळूच विचारलं. हिरालालनं मधुकरकडे बघितलं. तो भातात वरण कालवत होता. "गाडी लावून देली त्यानं चार्जिंगले," हिरालाल म्हणाला. "बरं," भावना म्हणाली, आणि तिनं फोन ठेवला.

बायजाबाई भांडी घेऊन मागे गेली. पंख्याचा आवाज भिंतीतून येत होता. हिरालालला वाटलं, आता बोललो नाही तर तीन तास संपतील आणि आपण परत जाऊ. सातला फोनमधली ती बाई बोलेल. "भाऊ," तो म्हणाला, "त्या शनिवारी सुट्टी भेटली नाही म्हनलं होतं ना मी. मी मांगितलीच नव्हती." मधुकरनं हात धुतले, दुपट्ट्याला पुसले. "मले मालूम आहे," तो म्हणाला. "डेपोत फोन केलता मी, तालुक्याच्या बूथवरून. साहेब म्हने, त्याचा अर्जच नाही." "मंग इतके वर्सं बोलला नाही तू?" "काय बोलू? तुले यायचंच नव्हतं." हिरालालला सांगायचं होतं की यायचं नव्हतं असं नाही, आढ्याखालची फाटी निघताना, न्हाणीची भिंत पडताना बघवलं नसतं, म्हणून तो उभं घर डोळ्यांत ठेवून दूर राहिला. पण ज्यानं स्वतःच्या हातानं ती भिंत पाडली त्याला हे कोणत्या तोंडानं सांगणार? मधुकरनं दुपट्टा पुन्हा गळ्याभोवती घेतला. मग तो म्हणाला, "माय विचारे. रोज नाही. पन विचारे. मी सांगो, ड्यूटीवर आहे." हिरालालनं मान खाली घातली.

ऊन उतरलं तेव्हा पडद्यावर पंचेचाळीस झाले होते. हिरालालनं वायर गुंडाळली. मधुकर अंगणात येऊन गाडीभोवती एकदा फिरला, टायरला पायानं दाबून बघितलं. "धरणाच्या पान्यापावतर जाते का हे?" त्यानं विचारलं. "जाते. बस." मधुकर चपला झटकून पुढच्या सीटवर बसला, पट्टा हिरालालनंच लावून दिला. दोन किलोमीटरचा उखडलेला रस्ता होता. मधुकर एकदाच बोलला, "बैलबंडीपेक्षा बी चूप आहे." रस्ता पाण्यात गेला होता, डांबराचे तुकडे दिसत होते, पुढे दिसत नव्हते. दोघे उतरले. पाणी खूप दूरवर पसरलेलं, सपाट, राखाडी. मधे वाळलेल्या झाडांचे दोन-तीन सांगाडे, एकावर पाणकावळे. एक डोंगा काठाला बांधलेला. आजूबाजूला माणूस नव्हता. मधुकरनं हात वर केला. "तो बुडखा दिसते ना कावळेवाला, त्याच्या डाव्या अंगाले. तिथं घर होतं आपलं." हिरालालनं बघितलं. "नाही भाऊ. तो तं पाटलाच्या धानाच्या बांधीतला मोहाचा बुडखा आहे. घर इकडं होतं, या डोंग्याच्या सीधमधी." "चौदा वर्सं झाले मी इथं येऊन बसतो. हप्त्यातून दोनदा. मले सांगतं?" मधुकरचा आवाज चढला. "पन मोह तं घरापासून दूर, समोर राहे ना," हिरालाल म्हणाला. "सकाळी दारात बसलो का ऊन त्याच्यातून ये." मधुकरनं हात खाली आणला नाही. हप्त्यातून दोनदा. हिरालाल मनात मोजू लागला आणि मधेच थांबला. मग तो भावाच्या मागे गेला, त्याच्या खांद्यावरून वाकला, त्याच्या बोटाच्या रोखानं नजर लावली. पाणी होतं. आपण दाखवत होतो तिकडेही पाणीच होतं.

"हो भाऊ," तो म्हणाला. "तिथंच होतं."

मधुकरचा हात हळूहळू खाली आला. तो बराच वेळ त्या बुडख्याकडे बघत राहिला.

"नाही रे हिरा," तो म्हणाला. "मले बी आता पक्कं नाही सांगता येत."